सगळ्यांच्याच फोल्डरला कुलूप

मी नववी नापास. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी सर्व्हर, पासवर्ड असले शब्द वापरणार आहे आणि कुणाला उगाच वाटायचं की बाई शिकलेली दिसते. गणितात दोनदा गचकले. तिसऱ्यांदा बसायची हौस घरात कुणालाच नव्हती, मला तर मुळीच नव्हती. गाव सावंतवाडीच्या खालच्या अंगाला. तिथून लग्न होऊन निघाले ती थेट नागपुरात येऊन पडले, कारण नवरा कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाला. माहेरी जायचं तर गाडीतच एक दिवस नि वर एक रात्र जाते, तोवर माहेरची आठवणही शिळी होते.

नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या. मी घरात एकटी बसून गॅस बंद आहे का, कडी नीट लागली का, हे दिवसातून वीसदा बघायचे. स्वभावच तसा. शेवटी नवराच वैतागला, "खंयतरी कामाक जा, नायतर त्या कडयेचो जीव जातलो."

म्हणून मी मनीषनगरातल्या एका ऑफिसात लागले, चहा आणि झाडलोट करायला. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबा, दोन-चार दवाखाने, असल्यांचे कागद कॉम्प्युटरवर चढवून सांभाळायचं आमचं काम. ते सगळं एका मोठ्या मशीनमध्ये राहायचं. तो सर्व्हर. ऑफिसातल्या आठही माणसांचं कामही त्यातच, प्रत्येकाच्या आपापल्या फोल्डरमध्ये. आणि तो सर्व्हर ठेवला होता फ्लॅटच्या देवघराच्या खोलीत, कारण एसी तिथेच बसत होता. आत जाताना चपला काढायच्या, धुळीसाठी. बाहेरून आलेला माणूस मात्र हात जोडूनच आत वाकायचा आणि समोर पंखे घरघरत असलेले बघून ओशाळायचा. दसऱ्याला सर त्याला हार घालायचे. एका वर्षी झेंडूच्या पाकळ्या पंख्यात गेल्या आणि देव दोन दिवस बंद पडला.

सर म्हणजे ऑफिसचे मालक. राहायला धरमपेठेत, मनाने दिलदार, आवाजाने लाउडस्पीकर. आधी सर्व्हर बघणारा माणूस पुण्याला पळाला, तेव्हा मागे एक जाड वही ठेवून गेला. काय झालं तर काय टाइप करायचं, सगळं ओळीने लिहिलेलं. सरांनी ती वही माझ्या हातात दिली.

"सर, मी नववी नापास आहे."

"मग काय झालं? तू रोज तिथे पोछा मारते. कोणता दिवा हिरवा, कोणता लाल, तुले माहीत आहे. आधं काम तर तेच आहे."

उरलेलं अर्धं मला ताईने शिकवलं. ताई आमच्याकडे टायपिंगला. पन्नाशी उलटलेली, उत्तर नागपूरची, लग्न केलं नाही, म्हातारे वडील आणि भावाची पोरं यांच्यात राहते. कीबोर्डवर तिची बोटं पावसाच्या थेंबांसारखी नाही, चांगली गारांसारखी पडतात. वहीतल्या इंग्रजी ओळी ती मला वाचून दाखवायची, अर्थ सांगायची, चुकले की डोक्यात टपली मारायची. या शहरात मला "जेवली का वं?" असं पहिल्यांदा विचारलं ते तिने. त्या एका प्रश्नासाठी मी तिच्या घरची भांडीसुद्धा घासली असती. उलट भांडं फुटायची वेळ आली. माझ्या हातून, तिचं.

तर झालं असं.

आमच्या ऑफिसात दुपारी सगळे डबे एकत्र उघडतात. मध्ये वर्तमानपत्र, त्यावर डबे, आणि कुणीही कुणाच्याही डब्यात हात घालायचा. माझ्या सोलकढीला लोक "हे गुलाबी औषध" म्हणायचे, पण प्यायचे. डबा झाकून एकट्याने खाल्लं तर इथे शिवी दिल्यापेक्षा मोठा अपमान. सरांनी हाच नियम फोल्डरनाही लावला होता. त्यांच्याकडे सर्व्हरचा मोठा पासवर्ड, वहीबरोबर तो माझ्याकडेही आलेला. जेवण झालं की पान लावायचं आणि मोठ्या पासवर्डने सगळ्यांच्या फोल्डरांतून एक चक्कर मारायची. लोक शतपावली घालतात, हे ती अशी घालायचे. त्यात कपट नव्हतं. शेजारच्या स्वयंपाकघरात शिरून झाकणी उचलून बघणारे असतात ना, तसं.

एका दुपारी त्यांना ताईच्या फोल्डरमध्ये रजेचे अर्ज सापडले. सात. एकाच दिवसाच्या रजेचे.

"ऐका ऐका," सर उभे राहिले. "पहिल्यात मावशी वारली. दुसऱ्यात दाढ. तिसऱ्यात परत मावशी, पण यात ती फक्त सीरियस आहे. ताई, मावशीले जगवलं काहून तुम्ही?"

सगळे हसले. ताईही हसली, "दाढेचं कारण बरं वाटून नव्हतं राहिलं, सर." पण तिचा चेहरा उतरला होता तो मी पाहिला. नंतर चहाच्या ओट्यापाशी ती माझ्या कानात म्हणाली, "त्या अर्जाच्या खालीच माह्या बाबाचं होतं वं. सरचं बोट एक घर खाली सरकलं असतं ना, मंग पाह्यलं असतं."

बाबाचं म्हणजे काय, ते तिने मला त्या दिवशी सांगितलं. तिचे वडील लहानपणी, छप्पन साली, दीक्षेच्या वेळी आपल्या आईबापांबरोबर खेड्यातून पायी नागपूरला आले. अख्खा गोतावळा निघाला होता. ते रोज संध्याकाळी तिला त्या वाटेचं काहीतरी सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाला की ती ते टाइप करून ठेवायची. घरच्या फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं होतं, पण फोन समोर धरला की म्हातारा भाषण ठोकायला लागायचा, "बंधू आणि भगिनींनो." शिवाय तो फोन भावाच्या तीन पोरांच्या हातात फिरतो.

"मग त्यात लपवायचं काय, ताई? चांगली गोष्ट आहे."

"चांगली? अवं, म्हाताऱ्याले दीक्षेचं भाषण तेवढं सोडून सगळं याद आहे. पांढरं धोतर एकच होतं अन् भाऊ दोन, तर एकजण चादर नेसून आला. कोण कोणाची भाकर खाल्ली, कोणाचं कोणाशी जमलं, कोण रस्त्यातून रुसून वापस गेला अन् मंग जिंदगीभर सांगत फिरला का मीबी होतो म्हणून." तिने इकडेतिकडे पाहिलं. "अन् ज्याइच्याबद्दल आहे ते अर्धे जिते आहेत. लग्नात जेवाले एकाच पंगतीत बसतात माह्यासंगं."

मी म्हटलं, मी तुझ्या एकटीच्या फोल्डरला कुलूप लावून देते.

"नको वं. एकटीनं लावलं तर सर मांडी ठोकून बसन, ताई काय लपवून राहिल्या म्हणून. सगळ्याइचाच डबा बंद असला, तर कोणाचा बंद आहे हे कोण विचारते?"

हे माझ्या डोक्यात बसलं. पुढच्याच महिन्यात जुना सर्व्हर दमला आणि नवा आला. वहीत बघत बघत त्यावर मी सगळं नव्याने बसवलं, घामाने ओली होत. वहीच्या मागच्या पानांवर त्या पुण्याला पळालेल्या माणसाने लिहून ठेवलं होतं, की नवीन माणसाचं खातं उघडलं की त्यात एक खासगी फोल्डर आपोआप बनेल आणि आपोआप कुलूपबंद राहील, असंही करून ठेवता येतं. माणूस आपला पासवर्ड टाकून आत आला की ते उघडतं, उठून गेला की आतलं सगळं अगम्य होतं. मग मोठा पासवर्ड घेऊन या नाहीतर मोठा हातोडा. कुणी मागायचं नाही, कुणी विचारायचं नाही, जन्मतःच प्रत्येकाला एक.

मी सरांना विचारलं. चोरी न करताही मला चोरीची परवानगी मागायला आल्यासारखं वाटत होतं.

"म्हणजे मशीन कोणी उचलून नेलं तरी काही वाचता येणार नाही?"

"नाही, सर."

"झकास! धरमपेठेतला लॅबवाला डॉक्टर हेच विचारून राहिला होता. कर, सगळ्यांले कर." चोरांच्या यादीत त्यांचंही नाव होतं, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. पहिल्या दुपारी ते पान लावून चक्कर मारायला निघाले तर सगळ्यांची दारं बंद. पान तोंडातच राहिलं. पण धरमपेठेत सगळ्यांना सांगून झालं होतं, आता मागे कसं फिरणार?

आता माझी करणी. या कुलपाची खरी किल्ली म्हणजे बत्तीस अक्षरांची एक निरर्थक माळ. मशीन ती एका डबीत ठेवतं आणि डबीला तुमचाच रोजचा पासवर्ड लावतं. म्हणून तुम्हाला ती माळ कधी दिसत नाही. पण पहिल्या दिवशी मशीन बजावतं, ही बत्तीस अक्षरं कागदावर लिहून सांभाळून ठेवा. मी चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकाकडून लिहून घेतली, आणि मग मलाच धडकी भरली. चिठ्ठी कुणाला सापडली तर? मी प्रत्येकाच्या मागे लागले. पाकिटात नको. ड्रॉवरमध्ये नको. कुठे दिसायला नको. सरांनी माझ्या नाकावर टिच्चून आपली चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली. ताईने मात्र माझं ऐकलं. फाडून तुकडे केले आणि बेसिनमध्ये सोडून वर नळ चालू केला. "आता तर झोपशीन ना रात्री?" मी म्हटलं, झोपेन.

पुढे तीनेक महिन्यांनी ताईच्या वडिलांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ताई दीड महिना रजेवर होती. या वेळी अर्जात एकच कारण होतं.

ती परत आली त्या सोमवारी तिला पासवर्ड आठवेना. सरांच्या नियमाप्रमाणे दर महिन्याला तो बदलायचा असायचा आणि रजेवर जायच्या आदल्याच आठवड्यात तिने नवा टाकला होता.

"आठवूनच नाही राहिलं वं. दवाखान्यात सगळं धुवून गेलं."

मला तर आनंद झाला. एवढ्या उपकारांतलं एखादं तरी फेडायला मिळालं. "त्यात काय ताई! मी वरून बदलून देते," म्हटलं आणि मोठ्या पासवर्डने तिचा पासवर्ड बदलला. अर्ध्या मिनिटाचं काम. ती आत गेली. मी तिच्यासाठी चहा टाकायला गेले.

"माहे कागद कुठी गेले वं?"

मी चहा सोडून आले. खासगी फोल्डरमध्ये एकच फाइल होती. इंग्रजीत चार ओळी, आधी आपलं फोल्डर उघडून घ्या अशा अर्थाच्या. ताईने नवा पासवर्ड परत टाकला. तेच. तिसऱ्यांदा. तेच.

वहीत ते शेवटून दुसऱ्या पानावर होतं, लाल शाईत. माणसाने स्वतः, जुना पासवर्ड देऊन नवा घेतला, तर मशीन किल्ली जुन्या डबीतून काढून नव्या डबीत ठेवतं. वरून कुणी बदलला तर डबी तशीच राहते, जुन्याच पासवर्डची. मशीनला काय कळणार की वरून बदलणारी चोर नाही, चहा करणारी आहे? मी ते पान पन्नासदा उलटलं असेल, पण लाल शाई म्हणजे मास्तरांची चूक दाखवायची शाई, म्हणून माझी नजर तिथे कधी ठरलीच नव्हती.

"ताई, तुझी चिठ्ठी..."

"तूच तर फाडाले लावली."

सर आले. "बॅकअप आहे ना?" आहे, म्हटलं, तोही कुलूपबंद, त्याच किल्लीचा. "मग कंपनीवाल्यांले फोन लाव." कुठल्या कंपनीला लावू? कुणाकडेच किल्ली नाही, म्हणून तर ते कुलूप. सर मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गप्प बसले, आणि सर गप्प बसले की समजायचं कुणीतरी गेलं.

ताई एवढंच म्हणाली, "तो आता परत नाही सांगू शकत वं."

मला रडू फुटलं. ती चिडली. "रडून काय डबी उघडते का? जुना पासवर्ड भेटला तर उघडन ना? मंग बस."

आम्ही दोघी देवघराच्या खोलीत, सर्व्हरपाशी बसलो. वहीतली ओळ मी टाइप करायची आणि जिथे जुना पासवर्ड विचारेल तिथे ती टाकायची. टाकलेली अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, तरी मी तोंड भिंतीकडे फिरवून बसले. खट खट खट, एंटर. "चूक." परत ओळ. खट खट. "चूक." चहाची वेळ गेली. डबे आमच्याविना उघडले. तिने तिच्या आईचं नाव टाकलं असावं, गावाचं, भावाच्या पोरांची. मधूनच म्हणायची, "अवं, मी असे टाकतच नाही. माही पद्धत अलग आहे."

"कसली पद्धत? तेवढं तरी सांग."

तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सरनं त्या महिन्यात काय केलं होतं?"

"म्हणजे?"

"सरनं ज्या महिन्यात जो तमाशा केला, त्यावरून त्याचं नाव पाडते मी. तेच टाकते. दर महिन्याले नवं भेटते, कमी नाही पडत."

मी तोंडात पदर कोंबला. मग आम्ही आठवायला लागलो, गंभीरपणे, जसं काही कुणाच्या पत्रिकेतले ग्रह मांडतोय. डाएट केलं तो महिना? "नाही, तो दिवाळीचा." एसीवाल्याशी भांडताना खुर्ची मोडली? "ते तर पहिलंच." स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच सरप्राइज ठेवलं? "त्याचं मस्त नाव पडलं होतं, पण त्याच्याबी आधीचं." रजेच्या आधीचे ते चार आठवडे दोघींनाही कोरे. तिला दवाखान्यामुळे, मला भीतीमुळे.

"मी केस काळे केले होते."

दारात सर उभे होते. किती वेळ, देव जाणे. देवघराच्या खोलीला दार नाही, पडदा आहे.

ताई उठून उभी राहिली. मी उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढून नोकरी, भाडं, नवऱ्याचं तोंड, सगळं एकदम गेलं.

"बसा, बसा," सर म्हणाले. "त्या महिन्यात मी डाय लावला होता. कपाळालेही लागला होता. चार दिवस टोपी घालून बसलो, भर एसीत. बस, तेच असन. दुसरं काही नव्हतं केलं मी." मग जरा आठवून, "मले तरी नाही आठवत."

ताई बसली. सर पुढे सरकले.

"सर, तिकडे पाहा."

सर पाठ करून उभे राहिले. मी भिंतीकडे. आम्ही दोघे शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे, आणि मागे ताईची बोटं. लांबलचक होतं काहीतरी. एंटर.

मी वळले नाही, हिंमतच नव्हती. मग नाक ओढल्याचा आवाज आला, मग माऊस हळूहळू फिरवल्याचा, मग ती खुदकन हसली, आणि मला कळलं की ती चादर नेसलेल्या काकापर्यंत पोचली आहे.

"उघडलं?" सरांनी भिंतीला विचारलं.

"हौ."

"काय नाव होतं?"

"ते खाजगी आहे, सर."

सर त्यावर हसले, पण जाताना वळून मला म्हणाले, "हे कुलूप काढून टाक उद्या. सगळ्यांचं. आज ताईचं झालं, उद्या लॅबवाल्याचं काही अटकलं तर?" मी मान डोलावली. कुणी काही सांगितलं की मान डोलावणे हा माझा धर्म आहे, आणि चूक तर माझीच होती.

"राहू द्या सर," ताई म्हणाली. "कुलपानं काही नाही केलं. आम्ही दोघींनी केलं." सरांनी हातातला पडदा सोडला. "अन् काढलं तर मी तरी बाबाचं कुठी ठेवू?"

कुलपं राहिली. तिने आणि मी मिळून बत्तीस अक्षरं परत लिहिली, आठही जणांची. या वेळी मी फक्त एवढं सांगितलं की ऑफिसात ठेवू नका, घरी न्या. सरांची मॉनिटरवरून सोलून त्यांच्या हातात दिली. वहीतल्या त्या लाल शाईच्या ओळींखाली मी मराठीत लिहिलं, "वरून कुणाचाही पासवर्ड बदलायचा नाही. आधी विचारायचं, आत काय आहे ते नाही, आत काही आहे का ते." माझी ती पहिली ओळ त्या वहीत.

ताईने सगळं छापून घेतलं. प्रिंटरसमोर कोंबडीसारखे पंख पसरून उभी राहिली होती, एक कागद कुणाला दिसू दिला नाही.

रविवारी मी तिच्या घरी गेले, म्हाताऱ्यांना बघायला आणि माफी मागायला. ते अंगणातल्या खोलीत लोखंडी पलंगावर. डावा हात चालत होता, डोळे लखलखीत. मी पाया पडून काय झालं ते सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यात टपली मारली. ताईची सवय कुठून आली ते समजलं.

मग ताईने कागदांचा गठ्ठा काढला. "तू बाहेर बस वं. चहा ठेवला आहे पोरीनं."

मी बाहेर बाजेवर बसले. दार लोटलेलं. आत ताईचा आवाज एका सुरात चालला होता, शब्द कळत नव्हते आणि मी कान देत नव्हते. म्हणजे दिला, पण कळले नाहीत. मध्येच पलंगाच्या लोखंडावर धाड धाड हात आपटल्याचा आवाज आला. माझा चहा सांडला. वाटलं, झटका आला.

ताई दार उघडून बाहेर आली. "पेन आहे का तुह्यापाशी?"

"काय झालं?"

"मी चुकीचा माणूस लिहिला म्हणते बाबा. रुसून वापस गेला तो हा नाही, दुसराच. आता एकेक नाव घेते मी, ज्याच्यावर हात आपटन तो खरा." ती पेन घेऊन वळली, परत थांबली. "त्यातला एक येऊन राहिला आहे आता, बाबाले पाहाले. गेटात कोणीबी दिसलं तर जोरात खोकल."

मी गेटाकडे तोंड करून बसले. आत नावं सुरू झाली.